गोड्या विहिरीचा लेआउट

नसीमने रिक्षा थांबवायला सांगितली, पण ती स्वतः उतरली नाही. "तू पाहून ये. मी इथंच बसते," म्हणाली आणि ओढणी सारखी करत रस्त्यापलीकडच्या दुकानांकडे बघत राहिली.

तिच्या मुलीच्या लग्नासाठी मी पुण्याहून अकोल्याला आले होते. लग्नघरात मेंदीचा, तळणाचा आणि अत्तराचा वास कोंडला होता. पाहुण्या बायकांच्या गप्पा संपत नव्हत्या. दुपारी जेवणं आटोपल्यावर मीच म्हटलं होतं, चल, एकदा आपल्या जुन्या लेआउटात जाऊन येऊ. नसीम चपला घालून माझ्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

आता समोर पिस्ता रंगाची चार मजली इमारत होती. गॅलऱ्यांतून कपडे लोंबत होते. खाली मोटारसायकलींच्या मधोमध सिमेंटचा एक बुटका गोल कट्टा, त्यावर गंजलेलं लोखंडी झाकण, आणि झाकणावर कुणीतरी वाळत घातलेल्या मिरच्या. मी वाकून झाकणाच्या फटीजवळ तोंड नेलं. आतून गार श्वास आला. शेवाळाचा, ओल्या दगडाचा, फार दिवस न उघडलेल्या अंधाराचा. बाहेर चैत्राचं पांढरं ऊन होतं, आणि त्या बोटभर फटीतून माझ्या त्या वयातल्या हरवलेल्या सकाळी एकामागून एक वर येऊ लागल्या.

जठारपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी नववीत होते. बाबा जिल्हा कोर्टात वकिली करत. कागदावर या जागेला एक लांबलचक नाव होतं, पण ते कुणीच घेत नसे. सगळे नुसतं लेआउट म्हणत. त्याआधी ते कपाशीचं वावर होतं, आणि ही गोष्ट जमीन अजून विसरली नव्हती. घरं पाच-सहाच, बाकी नुसते हद्दीचे पुरलेले दगड, आणि दगडांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपोआप उगवलेली पऱ्हाटी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीही एक झाड आलं. आईने ते उपटू दिलं नाही. पुढे त्याला बोंडं लागली, ती फुटली, आणि त्या कापसाच्या वाती तिने वर्षभर देवापुढे लावल्या.

पाण्याचं मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अंगणातल्या बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं होतं. पहिल्या दिवशी आईने तुरीची डाळ शिजायला लावली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पण डाळ गारगोट्यांसारखी टणक ती टणकच. आंघोळीला साबणाचा फेस होईना. केस धुतले तर ते धुण्याआधीपेक्षा चिकट झाले. घोट घेतला की जिभेच्या मागे काहीतरी तुरट, खारट रेंगाळत राही. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे जमिनीखालचं पाणीच खारं. आमचा लेआउट त्या पट्ट्याच्या अगदी काठावर होता. सडकेच्या अलीकडे गोडं आणि पलीकडे खारं, असं लोक म्हणत. पण पाणी काही लोकांचं ऐकून वाहत नाही.

आई त्या न शिजलेल्या डाळीपुढे बसून रडत होती, तेव्हा मागच्या दारात एक उंच, काटक बाई येऊन उभी राहिली. नऊवारीसारखं खोचलेलं फुलांचं लुगडं, नाकात चमकी, आणि कडेवर पाण्याने भरलेला पितळेचा गुंड.

"या पान्यात दाळ नाई शिजत, बाई," ती म्हणाली. "सकाळपासून तुमचा कुकर बोंबलून राहिला, म्हनून आली. हे घ्या. माह्या हिरीचं हाय."

ही झुलेखाचाची. हे सगळं वावर तिच्याच घरचं. नवरा वारल्यावर आणि कापसाने पाठ फिरवल्यावर तिच्या मुलाने, सलीमने, त्याचे प्लॉट पाडून विकले होते. घर, घरापुढचा कडुनिंब आणि त्याखालची विहीर तेवढी तिने स्वतःच्या नावावर ठेवली होती.

आई पातूरच्या भिक्षुकाची मुलगी. तिचे हात पुढे झाले आणि मधेच थांबले. क्षणभरच, पण चाचीला ते दिसलं. तिच्या चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. "तुमचा गुंड आना," ती म्हणाली, "मी वरून वतते."

आईने चाचीकडे पाहिलं, डाळीकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसले आणि चाचीच्या कडेवरचा गुंड स्वतःच्या हाताने खाली उतरवून घेतला. "बसा," ती म्हणाली. "आधी चहा ठेवते. वरण-भात झाला की जेवूनच जा."

त्या दिवशीच्या वरणाची चव मला अजून आठवते, आणि ती वरणाची नव्हतीच, पाण्याची होती.

मग आमचंही सगळं आयुष्य त्या विहिरीकडे तोंड करून बसलं. सकाळी जाग यायची ती कप्पीच्या कुरकुरीने. निंबाच्या फांद्यांना प्रत्येक घराचा दोर टांगलेला असे आणि गाठीवरून कुणाचा कोणता ते ओळखता येई. विहिरीच्या काठावरचा थारोळ्याचा दगड बादल्या ठेवून ठेवून इतका गुळगुळीत झाला होता की त्यावर आभाळ दिसे. वानखडे काकू सगळ्यांत आधी येत. त्यांचे यजमान पोस्टात होते, आणि दिवस उजाडण्याआधी अंगण सारवून झालं नाही तर काकूंना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. मागून कापडवाले लोकूमल काका स्वतः येत, धोतर वर खोचून, कारण त्यांच्या बायकोची कंबर धरलेली असे. ते सिंधी वळणाच्या हिंदीत बोलत, चाची त्यांना वऱ्हाडीत उत्तर देई, आणि आईची पातूरची शुद्ध मराठी ऐकून सगळ्यांनाच हसू येई.

"वकीलीनबाई कशा छापल्यासारख्या बोलतेत," चाची म्हणे.

मी आणि नसीम, चाचीची सगळ्यांत धाकटी, एका वयाच्या. ती उर्दू शाळेत, मी मराठी शाळेत. दोघींनी मिळून एकच दोर ओढायचा असा आमचा रिवाज होता. ओढता ओढता ती मला तिच्या शाळेतल्या कविता म्हणून दाखवी आणि मी तिला माझ्या. अर्थ दोघींनाही अर्धेच कळत. पण बादली वर येईपर्यंत ते पुरत.

त्या पाण्यात काय काय शिजलं. मोहरमला चाचीच्या दारात मोठ्या पातेल्यात गुलाबी सरबत होई आणि वर तुकमरिया, सब्जाच्या बिया, तरंगत. बुद्धपौर्णिमेला वानखडे काकूंची खीर, वेलदोड्याच्या वासाची, पळसाच्या द्रोणात. चेटीचंडला, सिंध्यांच्या नव्या वर्षाला, लोकूमल काकांकडून पिवळा गोड भात येई. आमच्याकडे पुरणाची डाळ शिजायला टाकली की त्या गोडसर वासाने नसीम आपोआप आमच्या ओट्यावर येऊन बसे. आणि रमजानच्या दिवसांत संध्याकाळी सगळा लेआउट एक होऊन मशिदीच्या भोंग्याकडे कान लावून असे, कारण चाचीने तो पहिला घोट घेतल्याशिवाय वानखडे काकूही चहा पीत नसत. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

मला वाटे, गाव म्हणजे एवढंच असतं. एक निंब, एक विहीर आणि भोवती निरनिराळ्या वासांची स्वयंपाकघरं.

मग ती वर्षं आली. ती नेमकी कधी आली ते मला सांगता येणार नाही, कारण ती आल्याचा आवाज झाला नाही; उलट आवाज कमी होत गेले. दिवाळीनंतर आमच्या सडकेवरून कापसाच्या बैलगाड्या जात, रांगच्या रांग, घुंगरांचा आवाज पहाटेपर्यंत झोपेत मिसळलेला. गाड्यांमागे पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहत आणि सडक फुलल्यासारखी दिसे. त्या गाड्या विरळ झाल्या. जिनिंग कारखान्याच्या बाजूने येणारा सरकीचा तेलकट, उबदार वास एका हिवाळ्यात आलाच नाही. बाबा सकाळी पेपर वाचून झाला की शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्यांचं पहिलं पान खाली करून, पालथा ठेवू लागले. आई तो उलटा करून पाहत नसे. एवढं मात्र मला आठवतं.

आणि लेआउटच्या रिकाम्या प्लॉटांवर टिनाची खोपटं उभी राहू लागली. पट्ट्यातल्या गावांमधून माणसं शहराकडे येत होती. बायका बांधकामावर विटा वाहत, पुरुष मंडीत हमाली करत. त्यातलं एक खोपटं शेवंताचं. तिशीच्या आतली, उन्हाने काळवंडलेली, कुणाशी बोलताना जमिनीकडे बघणारी. नवरा कामाला लागला होता तो थेट सुरतेकडे. सोबत दोन पोट्टे आणि म्हातारी सासू.

ती पहिल्यांदा विहिरीवर आली तेव्हा सकाळची गर्दी होती. ती लांबच उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची कॅन, मागे सासू.

"कोनत्या गावची वं?" चाचीने विचारलं.

शेवंताने गावाचं नाव सांगितलं.

"मंग लांब काहून उभी हायस? ये. बुढीले सावलीत बसव."

चाचीने स्वतःच्या बादलीतून तांब्या भरला आणि म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीने एक घोट घेतला. थांबली. तोंडातल्या तोंडात घोळवला. मग तिने तांब्यात वाकून पाहिलं, जणू तळाशी काही पडलेलं असावं.

"यात काई टाकलं काय, बाई?" तिने विचारलं.

"काई नाई टाकलं," चाची म्हणाली.

"मंग गोड कसं लागून राहिलं?"

"असंच हाय ते."

म्हातारी जन्मभर खारं पाणी प्यायली होती. तिथेच जन्मली, त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या गावात दिली. पाण्याला चव नसते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने तांब्या संपवला आणि उरलेल्या थेंबांनी डोळे पुसले. सगळ्याजणी हसल्या, हसता हसता वानखडे काकू एकदम गप्प झाल्या आणि त्यांनी आपली भरलेली बादली शेवंताच्या कॅनमध्ये ओतली.

पण विहीर एकच होती. पुढचे दोन उन्हाळे पाणी खाली खाली गेलं. दोराला दोर जोडावे लागले. बादली तळाला लागल्याचा ठक्क आवाज येई, आणि वर येणाऱ्या पाण्यात गाळ असे, तो बसायची वाट बघत आम्ही थारोळ्यावर बसून राहू. खोपटं वाढत गेली तशी रांग लांबली. आधी कुजबुज, मग कुरबूर, मग एका रविवारी आमच्या ओसरीवर लेआउटवाल्यांची बैठक.

लोकूमल काका म्हणाले, मोटर मी देतो. विहिरीवर जाळी बसवू, टाकी बांधू, प्रत्येक प्लॉटला नळ देऊ. बाहेरच्यांसाठी नगरपालिकेकडे टँकर मागू. त्यात वाईट काही नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. खरं तर वाईट माणूस त्या ओसरीवर कुणीच नव्हतं. लोकूमल काकांच्या बायकोला उठवत नव्हतं, वानखडे काकूंच्या सुनेचे दिवस भरत आले होते, आणि आई दोन दिवसांआड पाण्यावरून परत येऊन भिंतीला टेकून बसत असे. कागद बाबांनी करायचा असं ठरलं. आईने सगळ्यांना चहा दिला आणि ती आत निघून गेली.

ते सगळे चाचीकडे गेले तेव्हा ती निंबाखाली बाजेवर बसून लसूण सोलत होती. नसीम आणि मी दाराआड. काकांनी सगळं नीट समजावून सांगितलं. चाचीने ऐकून घेतलं. लसणाची फोलपटं वाऱ्याने तिच्या पायाशी फिरत होती.

"मी वावर इकलं," ती म्हणाली. "पानी नाई इकलं."

"हम खरीद नहीं रहे, चाची. बस इंतजाम कर रहे हैं," लोकूमल काका म्हणाले.

"जाळी लावली म्हंजे इकलंच ना. कुलपाची चाबी कोनाजवळ राहीन?"

लोकूमल काकांनी विहिरीकडे बोट केलं.

"ऐसा चलेगा तो कुआँ सूख जाएगा. फिर सब खारा पिएँगे," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"तं पिऊ," चाची म्हणाली. "सारेच पिऊ."

काका उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते पाण्याला आले नाहीत, त्यांनी नोकर पाठवला. त्यांच्यापाठोपाठ आणखी दोन घरं. बोलणी तुटली नाहीत, पण हळू झाली. कप्पी तशीच कुरकुरे, मात्र तिच्याखाली पूर्वी जो सतत कलकलाट असे तो नाहीसा झाला. आणि खोपटांतल्या बायकांनी कुणी न सांगता सकाळी येणं बंद केलं.

वैशाखातली ती दुपार. अकोल्याच्या दुपारचं वर्णन बाहेरच्याला करता येत नाही. कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून पडलेली असतात, सगळीकडे एक पांढरा, भाजका सन्नाटा असतो. आई खिडकीशी उभी होती. बऱ्याच वेळाने मी तिच्या मागे जाऊन पाहिलं. विहिरीवर शेवंता एकटी दोर ओढत होती आणि तिची सासू, डोक्यावर ओलं फडकं टाकून, दोराचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरून बसली होती. दोर सुटलाच तर तिच्या हातात किती राहिला असता कोण जाणे. पण तिने तो धरला होता.

"ह्या वेळेला का येतात गं?" आई म्हणाली.

"सकाळी लोक बोलतात म्हणून," मी म्हटलं.

आईने खुंटीवरचा टॉवेल घेऊन डोक्याला गुंडाळला आणि अनवाणीच बाहेर पडली. मग चटके बसले म्हणून परत आली, बाबांच्या चपला पायांत सरकवल्या आणि गेली. मी बादली घेऊन मागे. आई म्हातारीच्या हातून दोर काढून घेऊन शेवंताच्या मागे उभी राहिली.

"राहू द्या जी, वकीलीनबाई. तुमाले सवय नाई उन्हाची," शेवंता म्हणाली.

"तुला तरी कुठे आहे? माणसाला उन्हाची सवय होत नसते," आई म्हणाली. "उद्यापासून सकाळी येत जा. माझ्याबरोबर."

"लोकं बोलतेत."

"बोलू दे. मी पुढे उभी राहीन."

शेवंताने पहिल्यांदाच मान वर करून आईकडे पाहिलं. "माहेर कुठचं जी तुमचं?" तिने विचारलं, आणि त्या भाजत्या थारोळ्यावर दोघी पातूरच्या बाजाराबद्दल बोलू लागल्या. कुठल्या आठवड्यात आंबे येतात, कुठे मातीची भांडी चांगली मिळतात. बादली वर आली तेव्हा चाची तिच्या दारात उभी होती. थोड्या वेळाने नसीमच्या हाती कैरीचं पन्हं पाठवलं. पेले चार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि शेवंता बरोबर आल्या. रांगेतल्या माना वळल्या. वानखडे काकू पहिल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "ये वं शेवंता, बुढी कशी हाय?" तेवढंच. लोकूमल काकांच्या नोकराने मान खाली घालून पाणी भरलं. पुढे महिनाभराने काका स्वतः आले, धोतर खोचून, आणि जणू मधे काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "चाची, आज तो नींबू-पानी वाली धूप है." चाचीने त्यांची बादली आधी लागू दिली.

तो पावसाळा बरा गेला. विहीर भरली. मला वाटलं, आता हे असंच चालणार.

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी चाचीने आमच्या मागच्या दारातून हाक मारली. तिच्या हातात चहाचं पातेलं होतं. चहा फाटला होता.

"दूध नासलं असेल," आई म्हणाली.

"दोनदा केला. दूध आताच काढलेलं हाय." चाचीने दुसऱ्या हातातला पेला पुढे केला. त्यात नुसतं पाणी होतं. "जरा चाखून पाहा, वकीलीनबाई. माह्या जिभेचा भरोसा नाई राहिला आता."

आईने घोट घेतला. तिच्या चेहऱ्याकडे बघत आम्ही चौघी-पाचजणी उभ्या. तिने पेला खाली ठेवला, चाचीचा हात धरला आणि तशीच उभी राहिली.

असं कशाने झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. भोवती घरं वाढली होती, अंगणाअंगणांतून खोल बोअर गेले होते. कुणी म्हणालं त्यामुळे खालचं खारं वर आलं. कुणी म्हणालं उपसा जास्त झाला. चाची म्हणाली, जमिनीचं बी वय होते. दिवसभर एकेकजण येऊन चव घेऊन जात होतं, मयताच्या घरी यावं तसं. संध्याकाळी शेवंताची सासू काठी टेकत आली. तिने चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात घोळवलं. ही चव तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आलं काय हे इथवर बी?" ती म्हणाली.

विहिरीनंतर सगळं सोपं होत गेलं आणि पांगत गेलं. नगरपालिकेची लाईन आली. नळाला आठवड्याने पाणी येई, ज्याच्या त्याच्या घरात ज्याची त्याची टाकी. पाणी भरायला आता कुणाला घराबाहेर पडावं लागत नव्हतं. वानखडे काकू मुलाकडे नागपूरला गेल्या. लोकूमल काकांनी जुन्या कॉटन मार्केटजवळ फ्लॅट घेतला. शेवंता तिवशाकडे संत्र्याच्या बागेत कामाला गेली; मॅटाडोरमध्ये भांड्यांच्या मधे सासूला बसवताना आईला म्हणाली, "तिकडचं पानी गोड हाय म्हनतेत." नंतर तिचं काही कळलं नाही. आणि सलीम चाचीला अमरावतीला घेऊन गेला, बडनेरा रोडला त्याच्या गॅरेजच्या मागच्या घरात.

मी कॉलेजला अमरावतीतच होते. रविवारी मी चाचीकडे जाई. तिथे चोवीस तास नळ होता. चाची पेला भरून माझ्यापुढे ठेवी आणि म्हणे, "पे. चांगलं हाय. पर याले बोलता येत नाई." गॅरेजमधल्या ठोकाठोकीत ती दुपारभर बाजेवर बसून असे. अकोल्याहून कुणीही आलं की ती माणसांची खुशाली नंतर विचारी. आधी विचारी, "हिरीचं काय?"

पार्किंगमधल्या विहिरीच्या कट्ट्याजवळून मी परत आले. नसीमने माझ्यासाठी सरकून जागा केली. रिक्षावाला पान खायला गेला होता. ओढणीच्या टोकाशी चाळा करत नसीम म्हणाली, "तुझ्या आईने अम्मीला फोन केला होता, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. आई आता माझ्याकडे असते आणि तिला पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत.

"शेवटच्या आजारात. अम्मी अमरावतीच्या दवाखान्यात होती, मी सोबतीला. तुझे आई-बाबा तेव्हा अजून इथेच होते. अम्मीने फोनवर पहिलं तेच विचारलं, हिरीचं काय. आणि तुझी आई म्हणाली, चाची, यंदाच्या पाण्याने विहीर पुन्हा गोड झाली. सकाळीच त्याच पाण्यात वरण लावलं."

मी नसीमकडे पाहिलं. विहिरीवर तेव्हा झाकण बसून वर्ष होऊन गेलं होतं.

"मग?"

"अम्मीने फोन ठेवला आणि हसली. म्हणाली, वकिलाच्या घरात येवढी वर्सं राहून बी बाईले खोटं बोलता नाई आलं. आवाज कसा कापून राहिला होता तिचा." रस्त्यापलीकडे कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं, तिकडे बघत नसीम पुढे सांगू लागली.

"तिला कळलं होतं, तरी दुसऱ्या दिवसापासून ती वॉर्डातल्या साऱ्या बायकांना सांगत सुटली. आमच्या हिरीचं पाणी गोड झालं म्हणून. नर्सला सांगितलं, झाडूवालीला सांगितलं. शेजारच्या खाटेवर पट्ट्यातली एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. तिने विचारलं, कुठची हीर? तर अम्मी उठून बसली आणि तिला रस्ता समजावू लागली. अकोल्याच्या स्टँडवर उतरजो. तिथून लेआउटची रिक्षा पकडजो. निंबाचं मोठं झाड दिसीन, तिथं थांबजो. ती बाई बिचारी मान हलवत होती. अम्मीचा श्वास पुरत नव्हता, मी तिला झोपवत होते, तरी ती त्या बाईचा हात सोडेना."

रिक्षावाला परत आला, त्याने मागे वळून पाहिलं. नसीमने त्याला हातानेच थांबायची खूण केली.

"म्हणाली, सकाळीच जाजो. उन्हाचं नको जाऊ. आन कोनी आडवलं, तं माहं नाव सांगजो."